गाबोळीतला किडा आणि तीन मिलिमीटरचा नर

ढोमी माशाची गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, चिरताना आत कधी कधी लालसर-तपकिरी रंगाचं, लांब, गुंडाळी झालेलं काहीतरी निघतं. बहुतेक जण ती रक्ताची शीर समजून ओढून टाकतात. जिवंत असेल तर ती 'शीर' हळूहळू वळवळते, पण बाजारातला मासा बर्फातून आलेला असतो आणि आतला जीव तोवर मेलेला असतो. त्यामुळे वर्षानुवर्षं मासे साफ करणाऱ्या बाईलाही ते शीरच वाटतं. तो असतो फिलोमेट्रा नावाचा गोल कृमी. आतड्यात नाही, कातडीखालीही नाही, थेट माशाच्या अंडाशयात राहणारा. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी त्याच्या मागे लागले. त्याला नाव देताना काय काय करावं लागतं ते इथे लिहिते, कारण मराठीत याबद्दल शोधून मला काहीच सापडलं नव्हतं.

विषय मॅडमनी सुचवला. "आतड्यातले कृमी सगळेच करतात, तू गाबोळी बघ," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, सोपं आहे. किडा वीतभर लांब, डोळ्यांनी दिसणारा, मासा रोजच्या खाण्यातला. पुढे कळलं की जे डोळ्यांनी दिसतं त्याचा नाव देण्यासाठी जवळजवळ काही उपयोग नसतो.

आधी मासे. ढोमी म्हणजे ओटोलिथेस रुबर, क्रोकरच्या घराण्यातली. या घराण्याच्या डोक्यात कानाचे मोठाले खडे असतात आणि भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, चिकटलेल्या स्नायूंनी हे मासे पाण्यात ढोलासारखा आवाज काढतात. (याच घराण्यातल्या घोळीच्या भोताला मिळणाऱ्या भावाच्या बातम्या दरवर्षी येतात. ढोमीला तो मान नाही, ती आपली रोजच्या कालवणातली.) रत्नागिरीत मिरकरवाड्याला ट्रॉलर लागले की ढोमीच्या पाट्या भरभरून उतरतात, म्हणून सुरुवात तिथूनच केली. पण ट्रॉलर अनेक दिवस समुद्रात राहून येतो. बर्फात राहिलेल्या माशातला फिलोमेट्रा चिमट्यात धरला की फुटतो, कातडी सुटते आणि हाती लागतो तो तपकिरी लगदा. असा कृमी 'आहे' एवढं वहीत लिहिता येतं, त्यापलीकडे त्यातून काही निघत नाही.

मग रापणीकडे वळले. रापण म्हणजे मोठं जाळं, ते किनाऱ्यावरच ओढतात, त्यामुळे मासा वाळूत उडत असतानाच मिळतो. पहाटे उठावं लागतं, रापणीत ढोमी येईल याची खात्री नसते, आणि आली तरी अंडी भरलेली मादी असेलच असं नाही. मोठ्या आकाराच्या माद्या निवडून द्या म्हटलं की सुरुवातीला लोक हसायचे. पोटाला हात लावून मादी ओळखणं त्यांच्या हातचं होतं, मला ते शिकायला बरेच आठवडे गेले. वर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्या उधाणात रापणही पडत नाही. म्हणजे वर्षातला तो तुकडा हातचा गेला. कृमींच्या माद्या पिल्लांनी भरतात त्या साधारण माशाच्या अंडी घालण्याच्या हंगामात, त्यामुळे नमुने कधी घेतले याला या कामात फार महत्त्व आहे. चुकीच्या महिन्यात गाबोळी उघडली तर आत फक्त मेलेल्या कृमींचे वाळके, तपकिरी अवशेष मिळतात. माशाच्या ऊतींनी त्यांना गुंडाळून टाकलेलं असतं.

बाजारात एका मावशींना मी डबीतला कृमी दाखवला. "बाय, ह्या आमच्या पोटात जाता काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि रास्त प्रश्न. उत्तर असं: शिजवून किंवा तळून खाल्लेल्या गाबोळीतून हा कृमी माणसाला काही करत नाही. माणसाला त्रास देणारा माशातला प्रसिद्ध गोल कृमी वेगळा, अनिसाकिस. त्याच्या पांढऱ्या, वेटोळं घातलेल्या अळ्या कच्चा मासा खाणाऱ्यांच्या पोटात जाऊन धुमाकूळ घालतात. आपल्याकडे कच्चा मासा कोण खातो! फिलोमेट्राच्या बाबतीत एक गमतीदार अपवाद मात्र नोंदलेला आहे. हवाईमध्ये मासा साफ करणाऱ्या एका माणसाच्या हाताला जखम होती, आणि माशातला जिवंत कृमी त्या जखमेत शिरला. 1986 साली ती नोंद शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, आम्ही तर रोज कापून घेतो. मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

प्रयोगशाळेत पहिलं काम मोजमापाचं. माशाची लांबी, वजन, लिंग, गाबोळीची अवस्था. मग गुदद्वाराकडून पुढे कात्री चालवायची, पण खोल नाही, नाहीतर गाबोळीच कापली जाते. दोन्ही बाजूंच्या गाबोळ्या अलगद सोडवून सलाइनमध्ये ठेवायच्या. सलाइन म्हणजे मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या त्याच बाटल्या. मी एकदम इतक्या घ्यायचे की दुकानदाराने एकदा घरी कोण आजारी आहे म्हणून विचारलं. सलाइनच का, हे मॅडमनी करूनच दाखवलं. एक भरलेली मादी त्यांनी मुद्दाम नळाच्या पाण्यात टाकली. थोड्याच वेळात तिची कातडी एका जागी फुटली आणि काचेच्या भांड्यात पांढुरका धूर पसरला. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर तो धूर म्हणजे हजारो अळ्या, सगळ्या वळवळणाऱ्या.

या मादीच्या शरीराची रचना समजली की हे फुटणं विचित्र वाटत नाही. पूर्ण वाढलेल्या मादीत गर्भाशय इतकं पसरतं की आतडं एका बाजूला दाबलं जातं. जननद्वार नाहीसं होतं, गुदद्वारही झडतं. पिल्लं बाहेर काढायला तिच्याकडे फुटण्याखेरीज दुसरा रस्ता उरत नाही. लाल-तपकिरी रंग येतो तो तिने प्यायलेल्या रक्ताचा. आतडं तर पचलेल्या रक्ताने काळपट दिसतं. समुद्रात मासा अंडी सोडतो त्याच सुमारास या अळ्या पाण्यात पोहोचतात, तिथे त्यांना कोपेपॉड, म्हणजे ते टाचणीच्या टोकाएवढे कवचधारी प्राणी, गिळतात. कोपेपॉड खाल्लेला मासा संसर्गित होतो. गोड्या पाण्यातल्या भाईबंदांत हे चक्र प्रयोगशाळेत दाखवून झालं आहे. समुद्रातल्या गाबोळीवाल्यांबद्दल त्यावरूनच अंदाज बांधतात.

हे ऐकताना घरातल्या मोठ्यांना एक गोष्ट आठवते, आणि ती बरोबर आठवते. पायातून निघणारा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा तो नारू. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी, त्यातले सायक्लॉप्स (तेही कोपेपॉडच), पाण्यात पाय घातला की फोडातून बाहेर पडणाऱ्या अळ्या, सगळं तंत्र तेच. फिलोमेट्रा आणि नारू एकाच मोठ्या कुळातले. नारूचा भारतातला शेवटचा रुग्ण 1996 च्या जुलैमध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, पाणी गाळून ते चक्र तोडता आलं. समुद्र गाळता येत नाही, त्यामुळे ढोमीची सुटका नाही. माझ्या आजोबांना मी कामाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्याच वाक्याला "म्हणजे माशाचा नारू" असं म्हणून विषय संपवला. प्रबंधात मी हेच सांगायला तीन पानं घेतली.

आता नावाची भानगड. या वंशात शंभराहून जास्त जाती वर्णन केलेल्या आहेत आणि त्यांतल्या भरलेल्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात. लांबी बघावी तर ती वयावर आणि माशाच्या आकारावर अवलंबून. डोक्यावरचे सूक्ष्म उंचवटे, अन्ननलिकेची लांबी, शेपटीकडचे छोटे फुगवटे यांवरून थोडीफार मदत होते, पण खात्री होत नाही. जातीची खूण नराच्या शेपटीत असते. आणि नर दोन ते चार मिलिमीटरचा, पांढुरका, केसापेक्षा बारीक. मादी त्याच्या शंभरपट लांब असू शकते.

नर न बघता नाव दिलं की काय होतं याचं उदाहरण या विषयातच आहे. 1935 साली जपानमध्ये सात्यू यामागुटी यांनी लॅटिओलॅब्रॅक्स नावाच्या माशाच्या गाबोळीतून एक जात वर्णन केली, तिचं नाव आज फिलोमेट्रा लॅटिओलॅब्रॅसिस. पुढे कितीतरी दशकं जगात कुठेही, कुठल्याही समुद्री माशाच्या गाबोळीत लाल कृमी सापडला की त्याला हेच नाव चिकटवलं जायचं. ऑस्ट्रेलियात तेच, अमेरिकेत तेच. एकच कृमी इतक्या वेगवेगळ्या घराण्यांच्या माशांत, इतक्या समुद्रांत राहतो असा समज झाला. मग लोकांनी नर शोधून नीट बघायला सुरुवात केली. 2006 मध्ये अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनातल्या सीट्राउटमधून फिलोमेट्रा कॅरोलायनेन्सिस वेगळी झाली, 2010 मध्ये फ्लोरिडाच्या रेड ड्रम माशामधून फिलोमेट्रा फ्लोरिडेन्सिस. 2008 मध्ये खुद्द जपानमध्येच लॅटिओलॅब्रॅसिस समजल्या गेलेल्यांतून नव्या जाती निघाल्या. यातल्या बऱ्याच कामामागे चेक शास्त्रज्ञ फ्रान्तिशेक मोरावेक आहेत, चेस्के बुदेयोविचे इथल्या परजीवीशास्त्र संस्थेतले. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माशांतले गाबोळी-कृमी त्यांनीच एका भारतीय सहकाऱ्याबरोबर 2013 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यात ढोमीच्या अंडाशयातली फिलोमेट्रा ओटोलिथी ही नवी जात होती. म्हणजे माझ्याच माशातली. फक्त किनारा दुसरा.

ते वाचून मला हायसं वाटलं. नाव तयार आहे, आपण फक्त जुळवायचं. मॅडमनी एका वाक्यात हवा काढली. बंगालच्या उपसागरातल्या ढोमीत जे आहे तेच अरबी समुद्रातल्या ढोमीत असेल हे कशावरून? मासा तोच म्हणून कृमी तोच, हे म्हणणं म्हणजे लॅटिओलॅब्रॅसिसवाल्यांनी जे केलं तेच लहान प्रमाणात करणं. नर आण.

नर शोधण्याची रीत सांगते, कारण पुस्तकात ती एका ओळीत असते. मोठ्या माद्या आधी काढून घ्यायच्या. मग गाबोळीचे छोटे तुकडे करून सुयांनी सोडवायचे आणि बरणीत सलाइन घालून जोरात हलवायचं. गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा सलाइन, पुन्हा हलवायचं. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असं करत राहायचं. उरलेला गाळ थोडा थोडा पेट्री डिशमध्ये घेऊन स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात गाळात माशाची अंडीच अंडी असतात, ती सुईला चिकटतात, एकमेकांना चिकटतात, आणि अंड्यांच्या आवरणाचे तंतू अगदी नरासारखे दिसतात. तांदळातले खडे निवडावेत तसं बोटांनी बाजूला सारत जायचं, फक्त खडा इथे तांदळापेक्षा बारीक. खालून काळा कागद लावला की पांढरे तंतू उठून दिसतात, आणि जिवंत असेल तर नर इंग्रजी 'एस' सारखा हलतो. मेलेल्या माशात हे हलणं नसतं. रापणीची पहाट इथे कामी आली.

सापडलेला प्रत्येक पांढरा कृमी नरच असेल असंही नाही. लहान, न भरलेल्या माद्याही तेवढ्याच आणि तशाच दिसतात. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीत दोन पिवळसर बारीक काटे दिसले, म्हणजे स्पिक्युल, तरच तो नर. पहिल्यांदा ते काटे दिसले तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या काकांना हाक मारून बोलावलं. त्यांनी डोळा लावला, "दोन काड्या आहेत," म्हणाले आणि चहाला गेले.

आणि इथे एक निर्णय घ्यावा लागतो, तोही लगेच, कारण कृमी डिशमध्ये मरत असतो. गरम 4 टक्के फॉर्मलिनमध्ये टाकला तर तो सरळ होतो, रचना उत्तम टिकते, ग्लिसरिनमध्ये पारदर्शक करून चित्र काढता येतं, नंतर तोच धुऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही जातो. पण फॉर्मलिनने डीएनएची वाट लागते. अल्कोहोलमध्ये टाकला तर डीएनए मिळतो, पण कृमी आक्रसतो आणि शेपटी वाकडी होते, नेमकी तीच जागा जिथे सगळं बघायचं असतं. भरपूर नर असतील तर दोन्हीकडे वाटता येतात. मोजके असतील तर एकाचे तुकडे करणं हा मार्ग राहतो. डोकं आणि शेपूट रचनेसाठी, मधला भाग डीएनएसाठी. तीन मिलिमीटरच्या जिवाचे सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने तीन तुकडे करताना श्वास रोखून धरावा लागतो, कारण फुंकर लागली तरी तुकडा डिशमधून जातो. एक शेपूट माझ्या हातून कायमची गेली असती, पात्यालाच चिकटलेली सापडली.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नाही. वेळ घेऊन दुसऱ्या संस्थेत जावं लागतं. नमुना अल्कोहोलच्या वाढत्या टक्केवारीतून न्यायचा, कोरडा करायचा, धातूच्या चकतीवर चिकटवायचा आणि सोन्याचा पातळ थर द्यायचा. चकतीवर शेपटीची बाजू वर आली नाही तर सगळं फुकट, आणि एवढ्या बारीक वस्तूची बाजू चिकटवताना नीट दिसत नाही. पडद्यावर मात्र जे दिसलं त्यासाठी हा सगळा खटाटोप वसूल झाला. शेपटीच्या टोकाला उंचवटे, त्यांची मांडणी, मधला टेकाडासारखा भाग, बाहेर डोकावणारे काटे, आणि काट्यांना दिशा देणाऱ्या छोट्या पट्टीच्या, गुबर्नाक्युलमच्या, टोकावरच्या आडव्या पातळ चकत्या. गाबोळीतल्या फिलोमेट्रांच्या जाती वेगळ्या करताना याच चकत्या, याच उंचवट्यांची मांडणी बघतात. वीतभर मादीत यातलं काहीच नसतं.

गाबोळीचं नुकसान किती होतं, हा भाग थोडक्यात सांगते, कारण माझ्याकडे त्यावर जोर देऊन बोलण्याइतकं नाही. मेणात बसवून मायक्रोटोमने काप घेतले, रंगवले, तर कृमीच्या आसपास रक्तस्राव, दाहाच्या पेशी आणि विरघळत चाललेली अंडी दिसली. इतरांनीही वेगवेगळ्या माशांत असंच नोंदवलं आहे. काही जातींत अंड्यांच्या संख्येवर परिणाम झालेला दिसतो, काहींत मासा कृमीसकट व्यवस्थित अंडी घालतो. आकडेवारीत एक गोष्ट मात्र ठळक होती, आणि ती परजीवींच्या बाबतीत नेहमीचीच: बहुतेक मासे रिकामे, थोड्यांत एखाददुसरा, आणि एखाद्या दुर्दैवी मादीत गच्च. सरासरी काढली की हे सगळं एका निरर्थक आकड्यात गाडलं जातं. म्हणून संसर्गित माशांचं प्रमाण आणि संसर्गित माशामागे कृमींची संख्या हे दोन आकडे वेगळे लिहायचे असतात.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मुखपृष्ठ बघूनच सुरुवात केली. "शीर्षकात फक्त फिलोमेट्रा आहे. जातीचं नाव का नाही? ढोमीतली जात तर वर्णन केलेली आहे." मी सोन्याचा थर दिलेल्या शेपटीचं चित्र उघडलं आणि 2013 च्या वर्णनाशी काय जुळतं ते दाखवलं. मग सांगितलं की नीट बाजू वर आलेली शेपूट एकाच नराची आहे, दुसऱ्या नराची शेपटी वाकलेली आहे, आणि चकत्यांची संख्या एका नरावरून ठरवता येत नाही. अल्कोहोलमधले मधले तुकडे अजून फ्रीजमध्ये आहेत, त्यांचा डीएनए क्रम आला की बोलू. सरांनी चित्र बराच वेळ बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं, आणि पान उलटून विचारलं, "बरं, हे काप कुठल्या महिन्यातल्या माशाचे?"